हवामानतज्ज्ञाची मान्यतामुद्रा : एक भाषिक परीक्षण

व्यवसायाला मान्यतापत्राची आवश्यकता का असावी, या प्रश्नाचे उत्तर सर्व व्यवसायांच्या बाबतीत एकच असू शकत नाही. वैद्याच्या ज्ञानाची पारख रुग्णाला करता येत नाही, म्हणून वैद्याला सनद लागते. हवामानाचा अंदाज वर्तविणाऱ्याची परीक्षा मात्र दुसऱ्याच दिवशी, आणि तीही प्रत्येक श्रोत्याच्या अंगणात होते. पाऊस पडला की नाही हे सांगण्यास पदवी लागत नाही. मग अशा व्यवसायाला मुद्रेचे प्रयोजन काय, असा आक्षेप घेतला जातो व तो वरवर पाहता बिनतोड भासतो.

या आक्षेपाचे खंडन एका जुन्या प्रकरणात सापडते. १८८४ साली अमेरिकेत जॉन फिनली यांनी टॉर्नेडो वादळांचे २८०३ प्रायोगिक अंदाज वर्तविले आणि त्यांपैकी ९६.६ टक्के खरे ठरले असे जाहीर केले. आकडा खोटा नव्हता. परंतु भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी त्याच वर्षी त्यातील मर्म उघड केले. प्रत्यक्षात वादळे झाली ५१. ‘वादळ होणार नाही’ एवढेच वाक्य २८०३ वेळा उच्चारणारा मनुष्य ९८.२ टक्के बरोबर ठरला असता! ‘वादळ होईल’ असे फिनली यांनी शंभर वेळा सांगितले, त्यांतील अठ्ठावीस वेळाच ते झाले. अंगणातली परीक्षा एका दिवसाचा निकाल देते, अंदाजकर्त्याच्या योग्यतेचा निकाल ती देऊ शकत नाही. तो देण्यास अंदाज पडताळण्याचे शास्त्र अवगत असणारे समव्यवसायीच हवेत. मान्यतेच्या बाजूचा मला सर्वांत सबळ वाटणारा युक्तिवाद हाच होय. पगार वाढतो, प्रतिष्ठा मिळते इत्यादी नेहमी सांगितले जाणारे लाभ त्यापुढे गौण आहेत.

अमेरिकेत हा व्यवसाय करण्यासाठी वैद्यकीसारखा कायद्याचा परवाना लागत नाही. तेथे मान्यता स्वेच्छेची आहे. अमेरिकन मिटिऑरॉलॉजिकल सोसायटी या संस्थेने १९५७ मध्ये दूरचित्रवाणी व नभोवाणीवरील निवेदकांसाठी मान्यतामुद्रा सुरू केली. जनतेला हवामानवृत्त यथायोग्य रीतीने सांगणाऱ्यास ओळख मिळावी, हा तिचा हेतू. पुढे २००५ मध्ये तिच्या जोडीला ‘प्रमाणित प्रसारण हवामानतज्ज्ञ’ ही अधिक कडक श्रेणी आली. तीत वातावरणविज्ञानाची पदवी अथवा तत्तुल्य शिक्षण आणि लेखी परीक्षा यांची भर पडली, आणि प्रत्यक्ष प्रसारणाच्या नमुन्यांचे परीक्षण कायम राहिले. जुन्या मुद्रेसाठी नवे अर्ज घेणे २००८ अखेर बंद झाले. ज्यांच्यापाशी ती होती त्यांना ती वापरण्याची मुभा राहिली. एकाच संस्थेची दोन वेगवेगळ्या मोलाची चिन्हे पडद्यावर अशी शेजारीशेजारी नांदू लागली. घरी बसलेल्या प्रेक्षकाला त्यांतील भेद कसा कळावा, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही. ज्या चिन्हाचा अर्थ ते देणाऱ्यालाच ठाऊक असतो, ते चिन्ह व्यवसायबंधूंपुरते उपयोगी असेल. जनतेच्या दृष्टीने ती केवळ शोभा होय.

तथापि या व्यवस्थेत एक गोष्ट मोलाची आहे व तीकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ती म्हणजे बोलण्याचे परीक्षण. समीकरणे सोडविता येणे आणि ‘उद्या पावसाची शक्यता ३० टक्के’ हे वाक्य श्रोत्याच्या मनात योग्य अर्थाने उतरविणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. गिगेरेन्झर व त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हेच वाक्य न्यूयॉर्क आणि चार युरोपीय शहरांतील लोकांपुढे ठेवले होते. आजच्यासारख्या शंभर दिवसांपैकी तीस दिवशी पाऊस, हा त्याचा अभिप्रेत अर्थ. न्यूयॉर्कमध्ये बहुसंख्यांनी तो ओळखला. अ‍ॅम्स्टरडॅम, अथेन्स, बर्लिन व मिलान येथे तसे झाले नाही. दिवसाचा तीस टक्के वेळ पाऊस, किंवा तीस टक्के प्रदेशात पाऊस, असे अर्थ तेथे पुष्कळांनी लावले. न्यूयॉर्कच्या यशाचे श्रेय मुद्रेला देणे मात्र धाडसाचे होईल. तेथील सरकारी हवामानसेवा १९६५ च्या सुमारापासून देशभर ही टक्केवारी एकाच पद्धतीने देत आली होती, आणि कान त्या प्रयोगाला सरावले होते. अर्थनिश्चिती प्रामुख्याने सातत्याच्या वापराने होते. मुद्रेचे कार्य असलेच तर ते या सातत्याची राखण करणे हे आहे.

याच कसोटीवर मराठी हवामानवृत्ताकडे पाहिले असता चित्र निराळे दिसते. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याची परिभाषा अत्यंत काटेकोर आहे. एखाद्या उपविभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, ५० पर्यंत ‘काही ठिकाणी’, ७५ पर्यंत ‘अनेक ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. पावसाच्या जोराचे मोजमाप स्वतंत्र आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून त्याहून वरची श्रेणी. व्याप्ती आणि जोर ही दोन परिमाणे अशी पृथक् ठेवलेली आहेत.

परंतु वृत्त बातमीत उतरताना ‘ठिकाणी’ हे पद गळते. ‘तुरळक’ हे विशेषण मग निराधार न राहता ‘पाऊस’ या नामाला जाऊन चिकटते, आणि ‘तुरळक पाऊस’ तयार होतो. स्थानाविषयीचे विधान अशा रीतीने परिमाणाविषयीचे होऊन बसते. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील अतिवृष्टीत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३. ‘तुरळक ठिकाणी’ आणि ‘प्रलयंकारी’ यांत विरोध नाही, हे याहून स्पष्ट कोणते उदाहरण सांगेल? कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाबतीत तर पेरणी करावी की थांबावे हा निर्णय, आणि पुढे दुबार पेरणीचा खर्च, या एका विशेषणाच्या अन्वयावर अवलंबून असू शकतो.

जाता जाता आणखी एक निरीक्षण. रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ च्या सुमारास ‘फोरकास्ट’ ही संज्ञा बुद्ध्याच योजिली, कारण भविष्यकथनाचा वास त्यांना नको होता. मराठीने ‘अंदाज’ हा निगर्वी शब्द घेतला खरा, परंतु त्याला क्रियापद जोडले ते ‘वर्तविणे’. ते ज्योतिषाचे. भ्रमणध्वनीवरून गावोगाव पोचणाऱ्या स्वयंघोषित अंदाजकर्त्यांची ठाम वाणी याच क्रियापदाला शोभणारी असते. शक्यतेच्या भाषेत बोलणारा खात्यातील शास्त्रज्ञ तिच्यापुढे दुबळा भासतो. अशा वेळी मुद्रा आपल्याकडेही हवी, ही मागणी समजण्यासारखी आहे. मात्र केवळ गणित व भौतिकी तपासणारी मुद्रा ही स्पर्धा जिंकून देणार नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर विमानवाहतुकीच्या हवामानसेवेसाठी २०१३ पासून पदवीबरोबर प्रत्यक्ष कामाची क्षमताही सिद्ध करावी लागते. मराठीत अंदाज सांगणाऱ्याची क्षमता मराठीतच तपासली गेली पाहिजे. मूळ इंग्रजी वृत्त, त्याचे मराठी रूप आणि ते ऐकून श्रोत्याने काढलेला अर्थ, हे तिन्ही परीक्षकापुढे असावेत.

अशी परीक्षा रचावयाची तर तिची पूर्वतयारी भाषाविज्ञानाच्या विभागांनी करावी लागेल. ‘तुरळक’, ‘काही’, ‘अनेक’ व ‘बहुतांश’ या चार पदांनी श्रोत्याच्या मनात कोणते प्रमाण उभे राहते, कोकणात व विदर्भात ते एकच असते काय, आणि ‘ठिकाणी’ गळाल्यास ते कितीने बदलते, हे प्रत्यक्ष पाहणीने ठरविता येण्याजोगे आहे. पदव्युत्तर प्रबंधिकेला हा विषय पुरेसा आहे, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तिची सामग्री गोळा होऊ शकते.