अल्पमोली मेंदूतरंगलेखक : एक परीक्षण

मेंदूतील विद्युत्‌तरंग नोंदणारे उपकरण स्वस्त करणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. त्याची नोंद विश्वसनीय करणे मात्र कठीणच आहे. अल्पमोली आराखड्यांचे परीक्षण याच दृष्टीने व्हावयास हवे.

हान्स बर्गर यांनी १९२४ साली येना येथे मानवी मेंदूचे तरंग प्रथम नोंदले आणि १९२९ साली ते प्रसिद्ध केले. डोक्याच्या त्वचेवर मिळणारे हे विभवांतर सामान्यतः १० ते १०० मायक्रोव्होल्ट इतकेच असते. भारतातील अपसाइड डाउन लॅब्सची ‘बायोअँप ईएक्सजी पिल’ ते वाढवून आर्डुइनो उनोकडे देते. उनोचे मापन १० बिटांचे. ५ व्होल्टवर त्याची एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. ओपनबीसीआयच्या ‘सायटन’मध्ये ८ मार्ग व २४ बिटांचे मापन आहे. यावरून दुसरे उपकरण निर्विवाद श्रेष्ठ ठरविण्याचा मोह होतो. परंतु दोष बहुधा मापनापूर्वीच, त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्या संधीत शिरतो. आणि २४ बिट तो दोषही तितक्याच इमानाने नोंदतात.

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्याच्या हाती हे उपकरण कसे टिकेल, हीच त्याची खरी कसोटी होय. पूर्णेच्या खोऱ्यातील उन्हाळ्यात घामामुळे नोंदीची आधाररेषा सरकत राहते. वीजवाहिनीची ५० हर्ट्‌झची गुणगुण भेददर्शी वर्धक नाहीशी करतो खरा. पण दोन्ही इलेक्ट्रोडांचा स्पर्श सारखा असेल तरच. पापणीच्या एका उघडझापीने कपाळावर तरंगांहून कितीतरी मोठी उसळी उमटते. तिलाच ‘एकाग्रता’ समजून प्रबंध लिहिला गेला, तर उपकरणाचा स्वस्तपणा फार महाग पडला असे म्हणावे लागेल.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. सायटन विजेरीवर चालते व बिनतारी संदेश पाठविते. उनो मात्र सहसा तारेने संगणकास जोडलेला असतो. तो संगणक भिंतीतील विजेवर चालू असेल, तर प्रयोगास बसलेली व्यक्तीही त्या जोडणीचा भाग बनते. येथे केलेली काटकसर ही काटकसर नव्हेच.

तात्पर्य, ‘पिल’ शिक्षणास उपयुक्त आहे. संशोधनास ती एकटी अपुरी आहे. कोणत्याही आराखड्यात स्पर्शरोधाची तपासणी, ज्ञात संकेताने मापनशुद्धी आणि डोळ्यांच्या हालचालींसाठी स्वतंत्र मार्ग असावा. डोळे मिटताच ८ ते १३ हर्ट्‌झचे आल्फा तरंग वाढावेत आणि उघडताच मंदावावेत, ही बर्गर यांच्या काळापासूनची चाचणी विनामूल्य आहे. स्वतःच्या नोंदीवर शंका घेण्यास विद्यार्थ्याला समर्थ करणारे उपकरणच खऱ्या अर्थाने परवडणारे होय.