तारांकन, फवारणी आणि खुरपणी

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको: उसातलं रुंद पानांचं तण मारायला टू-फोर-डी फवारलं आणि वारं फिरलं, की शेजारची द्राक्षबाग आखडते. औषधानं आपलं काम चोख केलेलं असतं. ते कुठवर जाईल, हे आपण पाहिलेलं नसतं. फाइलींच्या नावात आपण जे तारांकन, म्हणजे 'स्टार' टाकतो, त्याचंही असंच आहे.

शेकडो सर्व्हर एकाच वेळी सांभाळणारं अ‍ॅन्सिबल घ्या. त्याचं 'फाइल' मॉड्यूल 'अ‍ॅबसेंट' म्हटलं की दिलेली फाइल पुसतं. पण मार्गात * टाकला, तर ते त्याला नमुना मानत नाही. शब्दशः त्याच नावाची फाइल शोधतं. ती नसते, म्हणून 'ओके' दाखवून पुढं जातं. जुन्या लॉग फाइली तशाच पडून, आणि आपण निश्चिंत! माझा पहिला आक्षेप इथंच आहे. नकार द्यायचा तर बोलून द्यावा.

मग लोक काय करतात? 'शेल' मॉड्यूलमध्ये सरळ 'आरएम -आरएफ' लिहितात. फोल्डरचं नाव व्हेरिएबलमधून येत असेल आणि ते रिकामं निघालं, तर मागं उरतं फक्त '/*'. २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीमच्या स्क्रिप्टमधली अशीच चूक उघड झाली. वापरणाऱ्यांच्या स्वतःच्या फाइली गेल्या. तिथं एकेक संगणक होता. इथं तीच ओळ सगळ्या सर्व्हरवर धावते. त्यात 'चेक मोड'ची रंगीत तालीम घ्यावी, तर शेलचं काम त्यात वगळलंच जातं. म्हणजे जे सगळ्यात घातक, त्याचीच तालीम नाही.

बरोबर रस्ता आहे. 'फाइंड' मॉड्यूलला फोल्डर, नमुना आणि फाइलींचं वय द्यायचं, आलेली यादी साठवायची, आणि मग एकेक फाइल 'अ‍ॅबसेंट' करायची. हा मार्ग चेक मोडमध्येही चालतो. पण हजारो फाइली असतील तर प्रत्येकीसाठी वेगळी फेरी, म्हणून काम रेंगाळतं. पपेटमध्ये 'टायडी' आहे. नमुना आणि वय सांगितलं की शोधणं-पुसणं एकाच जागी होतं. तेव्हा हे जमण्यासारखं नाही, असं कुणी म्हणू नये.

म्हणून माझं मत असं: तारांकन नाकारण्यात अ‍ॅन्सिबलची चूक नाही. चूक ही की सुरक्षित वाट लांब ठेवली आणि घातक वाट एका ओळीची. घाईतला माणूस जवळचीच वाट धरणार.

तोवर आपण काय करायचं? खुरपणारी बाई आधी रोप ओळखते, मग तण उपटते. तसं करा. यादी आधी छापून वाचा. अपेक्षा पन्नास फाइलींची असेल आणि यादीत पाच हजार आल्या, तर काम तिथंच थांबेल अशी अट 'असर्ट'नं घाला. दोन ओळी वाढतील. गेलेला डेटा परत मिळवण्यापेक्षा त्या स्वस्तच पडतात.

आता प्रश्न घेऊ.