स्मरणारी क्षमा : ‘स्मृतिचित्रे’ वाचताना

‘क्षमा करा आणि विसरून जा’ हा उपदेश आपण प्रवचनांतून आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून वारंवार ऐकतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३७, चार भाग) वाचताना या उपदेशाचा उत्तरार्ध तपासून पाहावासा वाटतो. विसरणे हीच क्षमा असती, तर हे पुस्तक लिहिलेच गेले नसते.

लक्ष्मीबाईंनी काय सोसले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पती नारायण वामन टिळक हे थोर कवी, पण तापट आणि मनस्वी. बाहेरच्या गरजूसाठी हात सैल, घरात मात्र चणचण. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो पत्नीची संमती न घेता. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाईंना काही वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने काढावी लागली. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला; तो मात्र स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावरच.

यातील कोणतेही दुःख लेखिका झाकीत नाहीत. टिळकांच्या रागाचे आणि लहरीपणाचे प्रसंग त्या घरगुती, खेळकर भाषेत सांगतात. मात्र त्याच टिळकांचा भाबडेपणा आणि माणसांवरील जीव त्या तितक्याच विश्वासूपणे रेखाटतात. परिणामी वाचक टिळकांच्या चुका पाहतो आणि तरीही त्यांच्यावर प्रेम करू लागतो. अपराधापेक्षा माणूस मोठा आहे, हे लेखिकेने कोठेही प्रवचन न करता दाखविले आहे. या ग्रंथाचे वाङ्मयीन यश आणि त्यातील ख्रिस्ती वृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत.

लक्ष्मीबाई प्रोटेस्टंट पंथातील. आपला प्रायश्चित्त संस्कार त्यांच्या परंपरेतला नव्हे. पण त्या संस्कारातही पाप आधी शब्दांत उच्चारावे लागते आणि मग मुक्तीचे शब्द कानी पडतात. झाकलेल्या पापाला क्षमा कशी मिळणार? सत्य आधी, क्षमा नंतर, हाच क्रम ‘स्मृतिचित्रे’तही दिसतो.

एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. लेखिकेचा विनोद इतका लोभस आहे की, त्या हशात परावलंबी झालेल्या तरुण मातेची वेदना वाचकाच्या नजरेतून निसटते. मग ‘पाहा, त्यांनी कसे सोसले!’ असा दाखला आपल्या घरांतील लेकीसुनांना देणे सोपे होते. हे पुस्तकाचे चुकीचे वाचन होय. लक्ष्मीबाई मुकाट राहणाऱ्या नव्हत्या. त्या भांडल्या, रुसल्या, उलट बोलल्या आणि मग क्षमा केली. मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय १८) पेत्र क्षमेचा हिशेब विचारतो आणि प्रभू तो हिशेबच मोडून काढतो. ती आज्ञा सर्व शिष्यांना आहे. घरातील एकाच व्यक्तीच्या वाट्याला ती टाकता येणार नाही.

वाडीच्या वाटणीवरून अबोला धरलेले भाऊ एकाच मिस्साला येतात आणि शांतीची खूण देताना एकमेकांकडे पाहणे टाळतात. त्यांना ‘विसरा’ म्हणून भागत नाही. वाटणी दोघांच्याही स्मरणात पक्की असते. काय घडले ते एकमेकांसमोर स्पष्ट बोलावे आणि ते बोलताना समोरचा आपला भाऊ आहे हेही आठवावे. ‘स्मृतिचित्रे’ आपल्याला शिकविते ती क्षमा हीच.