‘टीका केली की तुरुंग’: एक फॉरवर्ड तपासताना

तुमच्याही अभ्यासिकेच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड येऊन गेला असेल: ‘जनसुरक्षा कायदा आला, आता नेत्याविरुद्ध पोस्ट टाकली की थेट जेल.’ आमच्या अंबाजोगाईच्या ग्रुपवर त्याखाली दोनच प्रकारची उत्तरं पडली. ‘शंभर टक्के खरं’ आणि ‘फेक आहे, पसरवू नका’. उत्तरं देणारे बहुतेक जण पेटची तयारी करणारे, संशोधन पद्धतीचा पेपर तोंडपाठ असणारे. म्हणून हे लिहायला बसले.

माझी तक्रार जास्त करून ‘फेक’वाल्यांबद्दल आहे. मिश्रणाचा वितळणबिंदू काढून कोणी पदार्थ ओळखत नाही, आधी घटक वेगळे करावे लागतात. या एका ओळीत निदान तीन विधानं आहेत. कायद्यात तसा मजकूर आहे. तो कायदा लागू झालाय. आणि नेत्यांना टीकाकार तुरुंगात हवे आहेत. पहिली दोन कागद उघडून तपासता येतात. तिसरं हेतूबद्दलचं आहे, त्याला नुसता कागद पुरत नाही. ‘फेक’चा शिक्का तिन्हींवर एकदमच बसतो.

याचं एक जुनं, निकाल लागलेलं उदाहरण बघा. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली, म्हणजे १२४-अ खाली, अटक झाली. (राजद्रोह, देशद्रोह नव्हे. आपल्या बातम्यांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात आणि निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो.) प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. हे कलम कधी लावायचं याची मार्गदर्शक तत्त्वं सरकारने न्यायालयात दिली आणि मार्च २०१५ मध्ये निकाल आला. त्यानुसार २७ ऑगस्ट २०१५ ला गृह विभागाने पोलिसांसाठी मराठीत परिपत्रक काढलं. लगेच ओरड झाली: ‘आता मंत्र्यावर टीका म्हणजे देशद्रोह.’

तेव्हा तुम्ही ही अफवा तपासायला बसला असता तर काय केलं असतं? इंग्रजी निकाल उघडला असता. त्यात सरळ लिहिलंय की राजकारणी किंवा लोकसेवकांविरुद्धचे नुसते शब्द या कलमात बसत नाहीत. त्यांना शासनाचे प्रतिनिधी म्हणून दाखवलं असेल तरच पुढचा विचार. आणि त्यापुढेही हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता बिघडण्याची शक्यता ही अट आहेच. कायदेशीर मार्गाने सरकार बदलावं म्हणून केलेली टीका गुन्हा नाही. एवढं वाचून तुम्ही ‘फेक’ लिहून मोकळे झाला असता.

आणि चुकला असता. कारण ठाण्यातला अधिकारी इंग्रजी निकाल वाचणार नव्हता, त्याच्या टेबलावर मराठी परिपत्रक येणार होतं. त्यात मूळची नकारार्थी वाक्यरचना अशी बदलली होती की संरक्षण देणारं वाक्य गुन्ह्याची व्याख्या म्हणून वाचता येत होतं. परिपत्रकाला आव्हान मिळालं, न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्यावर अंमल करू नका असं सांगितलं आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने ते मागे घेत असल्याचं न्यायालयाला कळवलं. म्हणजे अफवा अतिशयोक्त होती, पण तिच्या मुळाशी खरा कागद होता. भाषांतर मुद्दाम तसं केलं का? त्याचा पुरावा परिपत्रकात नाही, आणि नाही तिथे आपण ओढूनताणून आणायचा नाही.

‘कुठल्या नेत्याने आदेश दिला ते दाखवा’ हा प्रश्नही मला अपुरा वाटतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशीच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. स्थानिक तक्रार आणि तत्पर पोलीस एवढं त्याला पुरलं. दोघींना जामीन त्याच दिवशी मिळाला. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ६६-अ हे कलमच रद्द केलं. मे २०२२ मध्ये शरद पवार यांच्याबद्दलची पोस्ट शेअर केली म्हणून अभिनेत्री केतकी चितळे यांना अटक झाली, जामिनावर बाहेर यायला जून उजाडला. तिन्ही वेळा राज्यात सत्तेवर वेगवेगळ्या आघाड्या होत्या. आपल्या आवडत्या पक्षाबद्दलची अफवा आपण जास्त कडक तपासतो की सैल, हे स्वतःशीच बघून घ्या.

आपल्या भागात असला फॉरवर्ड पटकन पटतो, त्यालाही कारण आहे. इथल्या मेडिकल कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ योगेश्वरी शाळेत शिकवायचे, आणि निजामाच्या तुरुंगात त्यांनी अनेकदा दिवस काढले. पटणं हा पुरावा नाही. पण ‘असं कसं होईल’ हाही नाही.

आता जनसुरक्षा. विधेयक १० जुलै २०२५ ला विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत मंजूर झालं. सभागृहांची मंजुरी आणि कायदा लागू होणं यांच्यामध्ये संमती आणि राजपत्र असतं, म्हणून फॉरवर्डची तारीख आधी बघा. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आल्या, आणि उद्देशात ‘व्यक्ती आणि संघटना’ऐवजी कडव्या डाव्या किंवा तशा संघटना असा बदल झाला. तेव्हा ‘पोस्ट टाकली की थेट जेल’ असं वाक्य मजकुरात नाही. पण बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं येतं, आणि संघटना बेकायदेशीर ठरली की तिच्या सदस्यांना, मदत करणाऱ्यांना शिक्षा आहे, गुन्हे अजामीनपात्र आहेत. विरोधकांचा आक्षेप नेमका या व्याख्येच्या रुंदीवर आहे. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात टीकाकारांविरुद्ध हा कायदा वापरणार नाही असं सांगितलं. ते भाषण आहे, कलम नाही. ‘फेक’ म्हणणाऱ्यांनी पुरावा म्हणून ग्रुपवर नेमकी त्याच भाषणाची क्लिप टाकली होती.

मी ग्रुपवर व्याख्येच्या कलमाचा फोटो टाकला, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. खाली एकाने विचारलं, ‘ताई, मग खरं का खोटं ते सांगा ना.’ मी तीन विधानं वेगळी करून तीन उत्तरं लिहिली. तिसऱ्यापुढे लिहिलं, ‘या कागदांवरून ठरत नाही.’