राजद्रोह गेला, ‘भावना’ उरली

मंडळी, राजद्रोहाचं कलम गेलं, असं आपल्याला सांगण्यात आलं. खरंच गेलं का, ते कायद्याच्या शब्दांवरूनच तपासू या.

कलम १२४-अ भारतीय दंड संहितेत १८७० साली आलं. १८९७च्या टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला त्यातल्या ‘अप्रीती’चा अर्थ सांगितला: प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! ज्यूरीतल्या ६ युरोपियनांनी दोषी म्हटलं, ३ हिंदी सदस्यांनी निर्दोष. टिळकांना १८ महिने सक्तमजुरी झाली.

स्वतंत्र भारतात, १९६२ साली, केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हद्द आखली. हिंसेला चिथावणी किंवा अशांतता माजवण्याकडे कल असेल तरच गुन्हा. नुसती टीका, कितीही जहाल असो, गुन्हा नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ लागू झालं. ‘सरकार’च्या जागी देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता आली. हा बदल चांगलाच. पण त्यातल्या ‘विध्वंसक कारवायां’ची व्याख्या कुठंच नाही. फुटीर कारवायांच्या ‘भावनांना’ उत्तेजन देणंही गुन्हा ठरतं. शिक्षा जन्मठेप, नाहीतर ७ वर्षांपर्यंत कैद. पूर्वी ती ३ वर्षांपर्यंत होती.

राज्याला स्वतःचं रक्षण करावंच लागतं, हे आपण मान्य करू. शस्त्र उचलणाऱ्याला जरूर शिक्षा करा. पण भावना मोजणार कोण? आधी पोलीस ठाण्यातला अधिकारी, न्यायालय नंतर. तोवर माणूस कोठडीत. म्हणून १९६२ची ती हद्द कलमातच स्पष्ट लिहायला हवी, एवढंच आपलं म्हणणं.