एकहाती अंक आणि अनेक हात

विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाची समीक्षा करताना आपण बहुधा त्यातील कविता, कथा आणि मुखपृष्ठ पाहतो. तो अंक कोणत्या हातांनी घडविला, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः अशा अंकाचे आयुष्य या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत ज्या हस्तलिखितासाठी मजकूर लिहिला, त्याचे तीनच अंक निघाले. संपादक असलेला मित्र पुढील शिक्षणासाठी परगावी गेला आणि चौथ्या अंकाचे कोरे कागद तसेच पडून राहिले. मंडळात आम्ही सात जण होतो. परंतु अंक कसा निघतो, हे एकालाच ठाऊक होते. तो मित्र गुणी होता. दोष एवढाच की, त्याचा गुण त्याच्यापाशीच राहिला.

या प्रश्नाचा विचार करताना मराठीतील एक थोर उदाहरण डोळ्यांसमोर येते. 1924 साली साने गुरुजी अंमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखित सुरू केले. ना छापखाना, ना वर्गणीदार. रोज हाताने लिहायचे आणि मुलांनी वाचायचे. 1928 साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढले. चार भिंतींतल्या मुलांसाठी कोणी रोज लिहीत बसावे, या निष्ठेला तोड नाही. गुरुजींच्या पुढील लेखनातील संवादी, जवळ बसून सांगितल्यासारखी शैली याच रोजच्या लेखनातून घडली असावी, असे मानण्यास जागा आहे.

तथापि आदर बाळगूनही एक प्रश्न विचारावयास हवा. हे दैनिक मुलांसाठी होते. ते मुलांचे कितपत होते? त्याची लेखणी प्रामुख्याने गुरुजींच्याच हाती होती. येथे त्याच छात्रालयातील दुसरी गोष्ट तुलनेस घेण्याजोगी आहे. गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, पडलेले कपडे धुऊन ठेवीत. उपदेश करीत नसत. हे पाहून मुलांना संकोच वाटू लागला आणि हळूहळू मुलेच ती कामे करू लागली. झाडू सहज हातबदल करतो. लेखणीचे तसे नसते. आपल्याहून कितीतरी सुंदर लिहिणारा माणूस रोज लिहीत असेल, तर मूल भारावते, वाचते आणि वाचकच राहते. हलके काम नेत्याने स्वतः केल्यास अनुयायी पुढे येतात. मानाचे काम त्याने स्वतःकडेच ठेवल्यास ते मागे सरतात. विद्यार्थ्यांच्या पत्राचे नेतृत्व करणाऱ्याने हा भेद ओळखला पाहिजे. त्याने समास आखावेत, रद्दी आवरावी, उशिरा आलेल्या मजकुराची प्रत करावी. आणि पहिल्या पानावरचा लेख मात्र दुसऱ्याला द्यावा.

गुरुजींच्याच आयुष्यात या प्रश्नाचे उत्तरही सापडते. 15 ऑगस्ट 1948 रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले आणि 11 जून 1950 रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. ते पत्र केवळ त्यांच्या लेखणीवर उभे असते, तर तेथेच मिटले असते. परंतु आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धन यांनी ते पुढे चालविले. नंतर यदुनाथ थत्ते यांनी दोन दशकांहून अधिक काळ त्याचे संपादन केले. 1998 पासून नरेंद्र दाभोलकर संपादक होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांची हत्या झाली. त्यानंतरही अंक निघत राहिला. संस्थापकाची माया आणि सहकाऱ्यांची शिस्त यांचा असा मेळ आपल्या नियतकालिकांच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

अर्थात, मंडळ जमविणे म्हणजे गुण्यागोविंदाने नांदणे नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 पासून ‘निबंधमाला’ जवळजवळ एकट्याने लिहिली. तेथे मतभेदाला वावच नव्हता. पण 1882 मध्ये त्यांचे निधन झाले आणि मालाही संपली. याउलट 1881 साली सुरू झालेल्या ‘केसरी’मागे चिपळूणकरांसह टिळक, आगरकर, नामजोशी अशी मंडळी होती. त्यांतील टिळक आणि आगरकर तर डेक्कन कॉलेजातील विद्यार्थिदशेपासूनचे स्नेही. कोल्हापूर प्रकरणातील मजकुरापायी 1882 मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस काढले. छापलेल्या शब्दाची जबाबदारी वाटून घेणे म्हणजे काय, याचा तो धडा होता. आणि मजकूर पारखून घेतला पाहिजे, याचाही. तरी पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघांचे पटेना. आगरकर 1887 साली ‘केसरी’तून बाहेर पडले आणि 1888 साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. स्नेह तुटला, हे दुःखदच. परंतु मराठी वाचकाच्या हाती एकाऐवजी दोन समर्थ पत्रे आली. मतभेद दडपून टिकविलेल्या एकीपेक्षा हा निकाल मला अधिक श्रेयस्कर वाटतो.

यावरून विद्यार्थी-संपादकाच्या कर्तव्याबद्दल काही निष्कर्ष काढता येतात. प्रत्येक काम निदान दोघांना यावे. अक्षर सुंदर असलेल्या मुलीला कायम नक्कल करण्यास बसवू नये. तिलाही काही सांगायचे असते. नाकारलेला लेख कारण सांगून, लेखकाला समोर बसवून परत द्यावा, कारण न बोलता वगळलेला लेख एक सहकारी घेऊन जातो. शुद्धलेखनाची चूक निघाल्यास ती मंडळाची मानावी. स्तुती झाल्यास लिहिणाऱ्याचे नाव घ्यावे. आणि वर्षातून एक अंक असा काढावा, ज्यात संपादकाने हात लावायचा नाही. तो अंक थोडा ओबडधोबड होईल. होऊ द्यावा. संपादकाच्या कामाची खरी परीक्षा त्या अंकातच होते.

जैनथसारख्या गावी हा विचार केवळ वाङ्मयीन राहत नाही. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात मराठी शाळेची, कचेरीची आणि बाजाराची भाषा आहे. अलीकडे आपली मुले तेलुगू आणि इंग्रजीतून शिकतात, आणि ते योग्यच आहे. ज्या मातीने आपल्याला ठाव दिला, तिची भाषा आलीच पाहिजे. परंतु मग मराठी लिहिण्याचे ठिकाण कोणते उरते? घरात ती बोलली जाते, देवघरात म्हटली जाते. लिहिली मात्र क्वचित जाते. अशा वेळी मुलांचे चार पानांचे हस्तलिखित हेच मराठी लेखनाचे अंगण ठरू शकते. ते काढून देण्याचा उत्साह आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांत आहे. धोकाही तेथेच आहे. आपण सुंदर अग्रलेख लिहून देऊ, मुले टाळ्या वाजवतील, आणि आपल्यामागे तो अंक थांबेल.

लक्ष्मीनारायणाच्या कार्तिकातील जत्रेवर एखाद्या मुलाने चुकत-माकत दहा ओळी लिहिल्या, दुसऱ्याने त्या तपासल्या, तिसरीने शेजारी देवळाचे चित्र काढले, तर तो अंक आपल्या कोणत्याही सुबक लेखापेक्षा मोलाचा समजावा. आपण कागद आखून द्यावेत, आणि मुले लिहू लागली की थोडे दूर जाऊन बसावे.