अर्धा भोवरा आणि पूर्ण पटींचा नियम

अतिशीत वायूंतील भोवऱ्यांविषयी लिहिताना बहुतेक विज्ञानलेखक मोरीच्या जाळीवर गरगरणाऱ्या पाण्याची उपमा देतात. उपमा सोपी आहे आणि अगदीच चुकीचीही नाही. दोन्हीकडे मध्याकडे जावे तसा वेग वाढतो. परंतु विषयाचा गाभा तिच्यातून निसटतो, असा आमचा आक्षेप आहे.

मोरीतला भोवरा हवा तितका जोरकस असू शकतो आणि घर्षणाने हळूहळू मंदावतो. अमेरिकेतील बोल्डर येथे १९९५ साली कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेऊन बोस-आइन्स्टाइन संघनित वायू मिळवला. अशा वायूत सारे अणू मिळून एकच तरंग बनतो. भोवऱ्याभोवती एक फेरी पूर्ण झाली, की या तरंगाने स्वतःशी जुळलेच पाहिजे. शिखराशी शिखर, दरीशी दरी. म्हणून अभिसरण, म्हणजे वर्तुळाकार मार्गावरील वेग आणि त्या मार्गाची लांबी यांचा गुणाकार, कितीही असू शकत नाही. प्लँकच्या स्थिरांकाला अणूच्या वस्तुमानाने भागून येणाऱ्या राशीच्या पूर्ण पटीतच ते येते. रुबिडियम-८७ साठी ही राशी सेकंदाला सुमारे ०.००४६ चौरस मिलिमीटर आहे. द्रवरूप हीलियमबाबत हा विचार ऑन्सागर यांनी १९४९ मध्येच मांडला होता.

उपमेतील मधली पोकळीही नेहमी असतेच असे नाही. बोल्डर येथेच १९९९ मध्ये अशा वायूत पहिला भोवरा निर्माण केला गेला. त्यात अणू दोन अंतर्गत अवस्थांत होते. एका अवस्थेतील अणू फिरत होते, तर दुसऱ्या अवस्थेतील अणू मध्यभागी स्थिर होते.

आमचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘पूर्ण पटीतच’ हे वाक्य पुष्कळदा मूळ नियम म्हणून सांगितले जाते. वास्तविक तो निष्कर्ष आहे. मूळ नियम तरंगाने स्वतःशी जुळण्याचा. हा भेद स्पिन असलेल्या अणूंच्या वायूत उघड होतो. २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथे सोडियमच्या अशा वायूत एक पूर्ण भोवरा दुभंगून दोन अर्धे भोवरे झालेले आढळले. मग नियम मोडला काय? नाही. अर्ध्या भोवऱ्याभोवती फिरताना तरंगाची कला अर्धाच वळसा घेते, त्यामुळे चिन्ह उलटते; पण स्पिनचा अक्षही अर्धा वळसा घेतो आणि चिन्ह पुन्हा उलटते. उणे गुणिले उणे अधिक, आणि तरंग जुळतो.

वर्गात हे दाखवता येते. पारदर्शक प्लॅस्टिकच्या लांब पट्टीवर बरोबर दीड लहर काढा. टोके सरळ जोडली, तर शिखरासमोर दरी येते. एका टोकाला अर्धा पीळ देऊन जोडा. रेषा अखंड जुळते. येथे लहर म्हणजे कला आणि पीळ म्हणजे स्पिनचा अक्ष समजावा. हीही उपमाच, पण ती कारण दाखवते.

निष्कर्ष पाठ केलेल्या विद्यार्थ्याला अर्धा भोवरा हा विज्ञानाचा पराभव वाटेल. कारण समजलेल्या विद्यार्थ्याला तो त्याच नियमातून स्वतः काढता येईल. म्हणून शिक्षकांनी भोवऱ्याचे चित्र खुशाल दाखवावे, पण तेथेच थांबू नये, असे आम्हांस वाटते.